सूर्यराजाचे दुखणे

फ्रान्सचा चौदावा लुई वयाच्या पाचव्या वर्षापूर्वीच, १६४३ साली, गादीवर बसला आणि १७१५ साली मृत्यूनेच त्याला तिच्यावरून उठविले. बहात्तर वर्षांच्या या राजवटीची चित्रे आपण पाहिलेली असतात : उंच टाचांचे बूट, खांद्यापर्यंत रुळणारा केसांचा टोप, निळ्या मखमलीवर सोन्याची कमळे. त्या मखमलीच्या आत एक मानवी देह होता आणि त्या देहाचीही एक बखर आहे. व्हॅलो, दाकँ आणि फागाँ या तीन राजवैद्यांनी एकामागून एक ती लिहिली. राजाला ताप कधी आला, जुलाब कधी दिला, रक्त कधी काढले, याची नोंद तीत वर्षानुवर्षे होत गेली. युद्धे आणि तह यांच्या इतिहासात न सापडणारा लुई या वहीत भेटतो.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १६३८ चा. आईवडिलांच्या विवाहाला जवळजवळ तेवीस वर्षे झाल्यावर झालेले हे पहिले मूल. त्यामुळे त्याच्या प्रकृतीची काळजी ही जन्मापासूनच राज्याची काळजी होती. १६४७ मध्ये देवी आल्या, त्यांतून तो वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले. १६५८ मध्ये उत्तरेच्या मोहिमेत त्याला असा ज्वर चढला की दरबारात वारसाची कुजबुज सुरू झाली. वैद्यांनी अखेरीस अँटिमनीची वांतिकारक मात्रा दिली. राजा बरा झाला आणि श्रेय त्या विषारी धातूला मिळाले. पुढे १६६१ मध्ये मुख्य मंत्री माझारँ निवर्तला, तेव्हा बावीस वर्षांच्या लुईने यापुढे मुख्य मंत्री नेमणार नाही असे जाहीर केले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. आपल्याकडील कालमानात सांगायचे तर तो शिवाजी महाराजांहून आठ वर्षांनी लहान. महाराजांनी ज्या वर्षी सुरत लुटली त्याच १६६४ मध्ये त्याच्या फ्रान्सने ईस्ट इंडिया कंपनी काढली, आणि चार वर्षांनी त्याच सुरतेत तिची वखार उभी राहिली.

१६८२ मध्ये लुईने दरबार कायमचा व्हर्सायला हलविला. या वाड्यातील जीवनक्रम ध्यानात घेतल्याशिवाय पुढची कथा नीट कळणार नाही. राजाचे उठणे, कपडे घालणे, जेवणे, निजणे हे सारे समारंभ होते, आणि त्यांत कोणी उभे राहावे याचे मान ठरलेले होते. शौचासनावर बसला असतानाही तो लोकांना भेटी देत असे, आणि त्या भेटीला येता येणे ही कृपा समजली जाई. आपल्यापैकी बहुतेकांना ज्या अवयवाचे दुखणे घरच्या माणसालाही सांगवत नाही, त्या अवयवाला या माणसाच्या बाबतीत खासगीपण असे नव्हतेच. त्याचे शरीर हीच राजसत्ता होती. ते डळमळले की हॉलंडपासून व्हिएन्नापर्यंत त्याचे शत्रू हिशेब मांडू लागत.

१६८५ च्या सुमारास त्याच्या वरच्या जबड्यातले दात काढताना टाळूचा तुकडाही निघून आला. पाणी पिताना ते नाकातून बाहेर येऊ लागले, आणि ते छिद्र बुजविण्यासाठी शस्त्रवैद्यांनी ते तापल्या लोखंडाने पुनःपुन्हा डागले. राजाने ते सहन केले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याने नांतचा फतवा रद्द केला आणि आपल्या राज्यातील प्रॉटेस्टंट प्रजेला धर्मांतर किंवा परागंदा होणे एवढेच मार्ग ठेवले. पुढल्या वर्षी ऑग्सबर्ग येथे त्याच्याविरुद्ध युरोपातील सत्तांची युती झाली. अशा वेळी, १६८६ च्या फेब्रुवारीत, राजाने गुदद्वाराजवळ एक गाठ दुखत असल्याचे सांगितले.

आरंभी ती लहान होती. पोटिसे झाली, लेप झाले. गाठ पिकली, तेव्हा सुरी न लावता दाहक क्षाराने ती फोडण्यात आली. पू वाहिला, वेदना उतरली आणि सर्वांनी निःश्वास टाकला. परंतु जखम भरेना. वरून ती मिटल्यासारखी दिसे, काही दिवसांनी पुन्हा पाझरू लागे. गळू फुटले म्हणजे संपले असे समजणाऱ्याला येथेच चकवा बसतो. गुदमार्गाच्या आतील अस्तरात बारीक ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीत जंतुसंसर्ग झाला की पू वाट शोधत बाहेरच्या त्वचेपर्यंत येतो. फुटल्यावर त्याची वाट मात्र उरते : एक तोंड आत, एक बाहेर, आणि मध्ये न भरणारी नळी. आतल्या तोंडातून घाण शिरत राहते, म्हणून बाहेरच्या तोंडावर कितीही मलम चोळले तरी उपयोग होत नाही. सुश्रुताने याला भगंदर म्हटले आणि त्याचे प्रकारही सांगितले. व्हर्सायच्या वैद्यांनाही काही आठवड्यांत कळून चुकले की राजाच्या जखमेची वाट आतड्यापर्यंत गेली आहे.

आता काय करावे, यावर दरबारात जो खल झाला तो शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार बोलका आहे. मार्ग तीन होते. पहिला, औषधी पाणी किंवा मलम आत सोडून नळी सुकविण्याचा. दुसरा, नळीतून दोरा ओवून तो हळूहळू आवळत नेण्याचा, म्हणजे मांस अनेक दिवसांत थोडे थोडे कापले जाते आणि मागून भरत येते. तिसरा, एका घावात नळी संपूर्ण उघडी करण्याचा. पहिला मार्ग सर्वांना हवा होता, कारण त्यात रक्त नव्हते. दुसरा वेळखाऊ होता. तिसऱ्यात धोका होता तो केवळ रक्तस्रावाचा किंवा तापाचा नव्हे. गुदद्वाराभोवती मळ धरून ठेवणारी स्नायूंची कडी असते. नळी तिच्या थोड्या भागातून जात असेल तर ती कापता येते. अधिक भागातून जात असेल आणि कापली तर माणूस बरा होतो, परंतु मळावरचा त्याचा ताबा सुटतो. राजा शौचासनावर भेटी देतो ही एक गोष्ट. भर दरबारात त्याचा ताबा सुटणे ही अगदी निराळी.

बातमी फुटली तेव्हा उपायांचा पाऊस पडला. पिरेनीज पर्वतातील बारेजच्या गंधकयुक्त झऱ्यांची मोठी ख्याती होती, आणि राजाने स्वतः तेथे जाण्याची तयारीही जाहीर केली होती. ती यात्रा मग रद्द झाली. राजाऐवजी त्याच व्याधीचे चार रुग्ण एका शस्त्रवैद्याबरोबर तेथे पाठविण्यात आले. ते पाणी त्यांच्या जखमांत सोडण्यात आले. गेले तसेच ते परतले. बूर्बाँच्या झऱ्यावरही काही रुग्ण धाडले, त्यांचेही तेच झाले. एका धर्मसंघाच्या साधूने आपल्याकडे रामबाण पाणी असल्याचे सांगितले, आणखी कोणी मलम आणले. युद्धमंत्री लुव्हा याने आपल्या कचेरीच्या इमारतीत खोल्या रिकाम्या करवून भगंदराचे रुग्ण ठेवले आणि राजवैद्यांच्या देखत हे सारे उपाय त्यांच्यावर करून पाहिले. एकही बरा झाला नाही. भिंतीभिंतींवर मूळव्याध-भगंदर विनाशस्त्रक्रिया बरे करण्याच्या जाहिराती वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग विशेष ओळखीचा वाटावा. फरक इतकाच की लुव्हाने राजाच्या अंगाला हात लावू देण्यापूर्वी पुरावा मागितला. पुरावा मागण्याची ती पद्धत त्या काळी नवी होती. आणि तो पुरावा ज्यांच्या शरीरांतून काढला ते गरीब होते, हेही तितकेच खरे.

राजाने बेसिएर नावाच्या पॅरिसच्या शस्त्रवैद्याचेही मत घेतले. त्याने तपासून निर्भीडपणे सांगितले की जगातली सारी औषधे एकत्र केली तरी शस्त्राशिवाय हे बरे व्हायचे नाही.

शस्त्र चालविण्याची जबाबदारी राजाचा प्रथम शस्त्रवैद्य शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स याच्यावर आली. हे पद त्याच्या वडिलांनीही भूषविले होते. पद मोठे होते, परंतु वर्ग खालचा. त्या काळच्या फ्रान्समध्ये वैद्य लॅटिन जाणत, झगे घालत आणि रुग्णाला शक्यतो स्पर्श करीत नसत. कापाकापी शस्त्रवैद्याची, आणि शस्त्रवैद्यांचा संघ न्हाव्यांच्या संघाशी जोडलेला. फेलिक्सने यापूर्वी भगंदराची शस्त्रक्रिया केलेली नव्हती. त्याने हे लपविले नाही, अवधी मागितला आणि कित्येक महिने रुग्णालयांत जाऊन त्याच व्याधीच्या रुग्णांवर हात बसविला. किती रुग्ण, त्यांतले किती बरे झाले, किती दगावले, याविषयी पुढे अनेक कथा रचल्या गेल्या. राजाच्या जुलाबांची तारीखवार नोंद ठेवणाऱ्या वहीत या माणसांची नावे नाहीत. माझ्या मते या चरित्रातील खरे धैर्य त्यांच्याकडे जाते, कारण नकार देण्याची सोय राजाला होती, त्यांना कितपत होती हे सांगण्याची गरज नाही.

सरावातून फेलिक्सने एक हत्यार घडविले. ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळापासून चालत आलेल्या वक्र सुरीचाच तो सुधारलेला प्रकार होता. लांब, बाकदार पाते. टोकाला पुढे निघालेली बारीक बोथट सळई. आणि पात्याच्या धारेवर चांदीचे आवरण. सळई बाहेरच्या छिद्रातून आत सारायची, आतल्या तोंडातून बाहेर येताच बोटाने तिचे टोक धरून गुदद्वारातून ओढायचे, पाते नळीत नेमके बसले की आवरण काढून घ्यायचे आणि एका ओढीत सारी नळी उघडायची. आवरणामुळे आत जाताना निरोगी मांस कापले जात नसे. आधी वाट शोधायची आणि मग कापायचे, हा क्रम या हत्यारातच बसविलेला होता, आणि आजही भगंदराची शस्त्रक्रिया याच क्रमाने होते. त्या सुरीला पुढे राजाचेच नाव पडले. ती आज पॅरिसच्या वैद्यकेतिहास संग्रहालयात पाहावयास मिळते.

१८ नोव्हेंबर १६८६ च्या सकाळी ती वापरली गेली. गुप्तता इतकी होती की युवराजालाही कळविले नव्हते. तो शिकारीला गेला होता. खोलीत लुव्हा, राजाने राणीच्या मृत्यूनंतर गुप्तपणे विवाह केलेली मादाम द मँतनाँ, पाद्री ला शेझ, वैद्य दाकँ आणि फागाँ, बेसिएर, आणि राजाचे पाय धरून ठेवण्यासाठी औषधविक्रेते होते. भुलीचे औषध यायला अजून दीडशेहून अधिक वर्षे होती. फेलिक्सने सुरी सारली, ओढली, मग कात्रीने कडेचे कठीण झालेले मांस छाटले : सुरीचे दोन घाव, कात्रीचे आठ. राजाने एकदा देवाचे नाव घेतले, त्यापलीकडे आवाज काढला नाही. काही वेळाने प्रथेप्रमाणे दंडातून रक्तही काढण्यात आले, जणू एवढे पुरेसे नव्हते. त्याच दिवशी त्याने मंत्रिमंडळाची बैठक घेतली. दुसऱ्या दिवशी परदेशी वकिलांना भेटी दिल्या. वेदनेने कपाळावर घाम होता असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, परंतु राजा जिवंत आहे ही बातमी ज्यांच्याकडे पोचायला हवी होती त्यांच्याकडे त्याच आठवड्यात पोचली.

लोकप्रिय कथा येथेच संपते. वहीतील कथा संपत नाही. डिसेंबरच्या आरंभी फेलिक्सच्या ध्यानात आले की जखम वरून मिटते आहे पण तळाशी कठीण होते आहे, म्हणजे आत पुन्हा पोकळी राहण्याचा संभव आहे. या जखमेने तळापासून वर भरत यावे लागते. वरून आधी मिटली तर भगंदर परत येते. फेलिक्सने राजाला पुन्हा झोपविले आणि पुन्हा कापले, एकदा नव्हे, काही दिवसांच्या अंतराने अनेकदा. पहिल्या यशानंतर दुसऱ्यांदा सुरी उचलणे अधिक अवघड असते. सारा फ्रान्स आनंदोत्सव करीत असताना तर फारच. जानेवारीत जखम भरली. ३० जानेवारी १६८७ रोजी लुई पॅरिसच्या नगरभवनात मेजवानीस गेला, आणि वसंतात पुन्हा घोड्यावर दिसू लागला.

फेलिक्सला अमाप धन, जहागीर आणि सरदारकी मिळाली. त्याचे बक्षीस राजवैद्यांपेक्षाही मोठे होते, आणि ही गोष्ट वैद्यांना झोंबल्याशिवाय राहिली नसावी. दरबारी मंडळींचे वर्तन मात्र हास्यास्पद झाले. पूर्वी हे दुखणे लपविणारे लोक आता ते मिरवू लागले. शस्त्रक्रियेचा अध्यापक दिओनी याने नोंदविले आहे की तिसाहून अधिक जणांनी आपल्यावरही ही शस्त्रक्रिया व्हावी म्हणून त्याच्याकडे आग्रह धरला, आणि तुम्हांला ती व्याधीच नाही असे सांगितले की ते रागावत. संगीतकार लुलीची कथा मात्र हसण्याजोगी नाही. राजाच्या आरोग्यप्राप्तीप्रीत्यर्थ ८ जानेवारी १६८७ रोजी स्तोत्रगायन चालू असताना ताल धरण्याची जड काठी त्याच्या पायाच्या बोटावर बसली. जखम सडली आणि मार्चमध्ये तो वारला. (इंग्लंडचे राष्ट्रगीत याच प्रसंगी रचले गेले असे सांगतात, त्याला आधार नाही.)

लुईला पुन्हा हे दुखणे झाले नाही, आणि ताबाही टिकला. यात फेलिक्सचे कौशल्य होते आणि राजाचे नशीबही. नळी स्नायूंच्या कड्याच्या मोठ्या भागातून गेली असती, तिला फाटे फुटले असते, ती कड्याच्या वरून वळली असती, तर याच सुरीने त्याचा घात केला असता. अशा भगंदराला आज गुंतागुंतीचे म्हणतात. क्षयरोगातून किंवा आतड्याच्या क्रोन रोगातून उद्भवणारी, आणि एकदा शस्त्रक्रिया होऊन परतलेली भगंदरेही त्यातच मोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अ‍ॅलन पार्क्स याने १९७६ मध्ये नळी आणि स्नायू यांच्या नात्यावरून भगंदराचे चार प्रकार ठरविले. एमआरआय आल्यापासून ती वाट कापण्यापूर्वीच दिसू लागली. मग निवड करावी लागते. पू निचरत राहावा म्हणून नळीत सैल दोरा महिनोन्महिने ठेवायचा. आतले तोंड आतड्याच्या अस्तराची झडप सरकवून बंद करायचे. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून नळी बांधून तोडायची. ही रीत २००७ मध्ये थायलंडमधून आली. दुर्बिणीने किंवा लेसरने नळी आतून जाळायची. यांतील बहुतेक उपाय स्नायू वाचवितात, पण त्यांच्यानंतर भगंदर परतण्याचे भय लुईच्या सुरीपेक्षा अधिक असते. जितके अधिक कापावे तितकी व्याधी परतण्याची शक्यता कमी, आणि जितके कमी कापावे तितका ताबा सुरक्षित. शस्त्रवैद्याला या दोहोंमध्ये जागा शोधावी लागते, आणि ती प्रत्येक रुग्णात निराळी असते. म्हणून दुसऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्यालाही द्यावा, असा आग्रह व्हर्सायच्या सरदारांसारखा धरण्यात अर्थ नाही.

व्हर्सायने मागे टाकलेला दोऱ्याचा मार्ग आपल्याकडे टिकून राहिला. प्राचीन ग्रंथांतील क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगाच्या जातीतील स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे चढविलेला दोरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात पुन्हा प्रचारात आणला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोऱ्याने जखम भरायला अधिक वेळ लागला, पण भगंदर कमी वेळा परतले.

लुई यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगला. १६९१ मध्ये मोंसच्या आणि पुढल्या वर्षी नामूरच्या वेढ्याला तो जातीने गेला. १६९३ मध्ये त्याने दाकँला काढून फागाँला प्रथम वैद्य नेमले. १७०३ मध्ये फेलिक्स वारला, त्याची जागा मारेशालने घेतली. मग घरातले मृत्यू सुरू झाले. १७११ मध्ये युवराज देवीने गेला. १७१२ मध्ये नातू, नातसून आणि थोरला पणतू एका महिन्याच्या आत गोवराने गेले. वैद्यांनी त्या मुलाचे रक्त काढले होते. त्याचा दोन वर्षांचा भाऊ वाचला, कारण त्याला सांभाळणाऱ्या मादाम द व्हाँतादूर हिने त्याला वैद्यांच्या हाती पडू दिले नाही. तोच पंधरावा लुई.

१७१५ च्या ऑगस्टात राजाचा पाय दुखू लागला. फागाँने ते सायटिका ठरविले आणि औषधी स्नाने सुचविली. मारेशालने पाय पाहिला आणि धोका ओळखला, परंतु वैद्यापुढे शस्त्रवैद्याचा शब्द चालला नाही. पाय काळा पडत गेला. १ सप्टेंबरच्या सकाळी, सत्त्याहत्तरावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस असताना, लुई मरण पावला. मारेशालने पुढे ला पेरोनीबरोबर शस्त्रवैद्यांची राजमान्य परिषद उभी करण्यासाठी खटपट केली. ती १७३१ मध्ये स्थापन झाली, आणि १७४३ मध्ये पंधराव्या लुईने शस्त्रवैद्यांना न्हाव्यांच्या संघापासून कायमचे वेगळे केले.